खात्री करून पाठवलेला फोटो

आज सकाळी बरोबर अकरा वाजून वीस मिनिटांनी आमचं दार वाजलं. बदनापूरच्या घरात मी आन् माझी दोन वर्षांची परी, दोघीच. दारात पाठीला बॅग लावलेली एक पोरगी. म्हणे, "ताई, घरात माणसं किती? लेकरं केवढी?"

लेकरं पळवणारी बाई अशीच विचारत येते, असा मेसेज कालच आल्ता. मी धाडकन दार लावलं, खिडकीतून तिचा फोटो काढला आन् माहेरच्या ग्रुपवर टाकला, "हीच ती! सावध राहा."

ती बाहेरून म्हणाली, "ताई, लोकं कोणता पेपर वाचतात, काय बघतात, त्याचा सर्व्हे करून राह्यले. ओळखपत्र बघा, ऑफिसला फोन लावा."

फोन लावला. पोरगी खरी निघाली. मंग तिला आत घेतलं, चहा टाकला. तिनं लई प्रश्न विचारले. शेवटचा होता, "मोबाइलवर आलेली बातमी पुढं पाठवायच्या आधी खात्री करता का?"

मी म्हणलं, "बिलकुल! त्याशिवाय मी काहीच पाठवत न्हाई."

तिनं 'हो'वर टिक केली. तेवढ्यात परतूरहून वहिनीचा फोन आला. परीनं नेमकं स्पीकरचं बटण दाबलं.

"ताई, ती लेकरं पळवणारी सापडली का? तुम्ही टाकलेला फोटो आम्ही सगळ्या परतूरला पाठवलाय!"

पोरगी आधी हसली. मंग कप खाली ठेवून म्हणाली, "ताई, उद्या मला परतूरलाच जायचंय."

मी माझा मेसेज डिलीट केला, पण पुढं गेलेले फोटो कसे डिलीट करू? परतूरला तुमचं कुणी असंल तर आजच कळवा, ती पोरगी सर्व्हेवाली हाय. दारात आली तर तिला आधी पाणी द्या.