मुंबईहून आणलेले पाच स्टार

बाहेरचे खेळाडू आणण्यावरून तुम्ही आत्ता भांडताय, पण आमच्या नाशिकच्या फुटबॉल क्लबनं हा उद्योग ऐंशीच्या आसपासच करून ठेवलाय. वर्षभर आम्हा पोरांना पहाटे उठवून पळवलं आणि फायनलच्या दिवशी आमचे सेक्रेटरी अप्पा म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा. मुंबईहून पाच स्टार आलेत."

बसलो. नाशिकरोडच्या क्लबशी मॅच सुरू झाली, तर आमचा एक स्टार त्यांच्या फॉरवर्डलाच पास द्यायला लागला. तोही खुशाल बॉल याला परत देतोय. अप्पा ओरडले, "अरे, तो समोरच्या टीमचा आहे."

"सॉरी काका, सवय आहे. मुंबईत आम्ही एकाच टीममधून खेळतो."

नाशिकरोडवाल्यांनीही गुपचूप तिथूनच पाच जण आणले होते. त्यांची पोरंही आमच्यासारखीच बाहेर बसलेली. मग त्यांनी आणि आम्ही गोलमागच्या मोकळ्या जागेत आपली वेगळी मॅच लावली. हळूहळू पब्लिक आमच्याकडे वळलं.

मैदानात शेवटची शिट्टी झाली. अप्पांना तोवर आपली माणसं कुठली तेच कळेनासं झालं होतं. त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "काय हो, कोण जिंकलं?"

तो आमच्याकडेच बघत म्हणाला, "अजून संपली कुठे? आपली पोरं एका गोलनं पुढे आहेत."