टबातलं पाणी

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात यशोधरा आईच्या वॉशिंग मशीनबद्दल विचारायला ताहेरभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात आली. आधीच सरजाबाई आणि त्यांची सून आपली बिघडलेली मशीन घेऊन तिथं उभ्या होत्या.

“ताहेरभाई, खरं सांगा. ही ह्यात चोरून कपडे धुती ना?”

“आत्याबाई, म्या मशीनला हात लावला न्हाई,” सून म्हणाली.

“मग आपोआप बिघडली?”

“मावशी,” ताहेरभाई म्हणाले, “आत साबणाचा मागमूस न्हाई. कुणीतरी महिनाभर पाणी साठवून ठेवलं. सील गळालं, खाली सगळा गंज चढला.”

“बघा! माहेरच्यांसाठी दडवलं आसंल हिनं.”

“माझं माहेर पार लांब हदगावला हाय. तिथवर नळी टाकू?”

“आन् हे गाळायचं फडकं टबात सापडलं, मावशी.”

“आत्याबाई, हे तर तुमच्या लुगड्याचं.”

सरजाबाईंनी फडकं ओढून घेतलं.

“पाणी बाहेर ठेवलं की तू संपवतीस!”

ताहेरभाई हसू दाबत यशोधराकडं वळले.

“बोला ताई. तुमच्या मशीनला काय झालं?”

“हेच. आईनं पाणी भरून ठेवलंय.”

“काढून टाका, मग घेऊन या.”

“आई जाऊन पंधरा दिवस झाले. अजून काढलं नाही.”

मग सरजाबाईंनी विचारलं,

“झाकून ठेवलंस ना, बाई?”