कोटाचं दुसरं बटण

सुमतीकाकू, आणि हॅरल्डकाकांना निरोप द्यायला या पावसात ट्रामने, बोटीने इथवर आलेल्या मित्रांनो,

चार माणसांपुढे उभं राहून बोलायची मला सवय नाही. मी जहाजबांधणी शिकणारा माणूस. पण काकू म्हणाल्या, "त्यांच्या भीतीबद्दल तू बोल. ती तुला आणि मलाच ठाऊक होती." म्हणून बोलतो.

आपले हॅरल्डकाका इंग्लंडातल्या एका लहानशा नाटक कंपनीत घडले. दर सोमवारी नवं नाटक. रात्री एकाचा प्रयोग, दिवसा दुसऱ्याचं पाठांतर. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी त्यांच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली. शब्द अडला तरी चेहरा अडता कामा नये. काका ते शिकले. फारच चांगलं शिकले, आणि तिथेच पुढची पंचाईत झाली.

युद्धानंतर ते हॅम्बर्गला आले. जर्मन सिनेमात ब्रिटिश अधिकारी हवा असला की हॅरल्डकाका. पडद्यावर ओरडणारे काका तुम्ही पाहिलेत. घरी मात्र कपबशीचाही आवाज करत नसत. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो, संध्याकाळी त्यांच्या ओळी ऐकायला बसायचो. गेल्या हिवाळ्यात ओळी निसटायला लागल्या. आधी एखादी. मग पानंच्या पानं.

"हे बाहेर कळलं तर मला कोण बोलावेल?" काका म्हणाले.

मग आम्ही एक खूण ठरवली. अडलं की त्यांचा अंगठा कोटाच्या दुसऱ्या बटणावर जायचा. मी कॅमेऱ्याच्या बाजूला बसून ओठांनी शब्द दाखवायचो. सगळे काकांकडे बघायचे, माझा जीव त्या बटणाला टांगलेला. एकदा ऐन प्रसंगात अंगठा गेला. मी ओठ हलवले. काका बोलले. दिग्दर्शक खूश. "गेनाऊ! बरोब्बर, अस्संच थांबायचं." टाळ्या पडल्या. काका हसले, पण घरी पोचेपर्यंत त्यांनी अंगठा त्या बटणावरून काढला नाही.

पुढे घरातही तेच. जेवता जेवता काका थांबायचे, काकू माझ्याकडे बघायच्या. विचार करताहेत, की विसरले? चेहऱ्यावरून कळायला काही मार्गच नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारानंतर काकूंनाही नाही.

गेल्या आठवड्यात इस्पितळात त्यांनी काकूंकडे पाहिलं. ओठ उघडले आणि थांबले. चेहरा तसाच, प्रसन्न. पण अंगठा छातीवर फिरत होता. इस्पितळाच्या सदऱ्याला पुढे बटण नव्हतं.

शब्द मला ठाऊक होता. पण तो मी कसा सांगू?

काकूच वाकल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "सुमती. मी सुमती."

"सुमती," काका म्हणाले. अगदी स्पष्ट, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. त्यानंतर ते बोलले नाहीत.

मित्रांनो, आता उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. त्यांचा कोट तिथे खुंटीवर आहे. माझी नजर अजून बटणाकडेच जाते, अजून भीती वाटते.

काका, आता खुशाल थांबा. आज पुढची ओळ कुणी मागणार नाही.