ऐनाच्या खिंडीतले मागचे चाक

ऐका. मध्ये कोणी उठायचे नाही. ज्याला पाणी प्यायचे असेल त्याने आताच प्यावे.

हा खंडू म्हणतो, उशीर झाला, मी आपला खिंडीने जातो. बस, खंडू. आधी ऐक.

शेलारवाडीला जाणारी जुनी वाट ऐनाच्या खिंडीतून जाते, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. खिंडीच्या तोंडाशी ऐनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड आहे. येणारा-जाणारा त्याला हिरवी डहाळी वाहतो, म्हणून तो पालदेव. कारागीर असेल तर त्याने डहाळी वाहून एक वाक्य बोलायचे: ‘काम पुरे केले आहे, वाट दे.’ नांगर नेणारा सुतार ते बोलतो, मडकी नेणारा कुंभार बोलतो. न बोलता गेले तरी देव रागावत नाही. मात्र बोलायचे तर खरे बोलायचे. एवढाच नियम.

जयवंत मिस्त्री हा नियम जाणत होता. हे ध्यानात ठेवा. ही अजाण माणसाची गोष्ट नव्हे.

जयवंत आपल्याच गावचा. मोटारसायकली दुरुस्त करी. हात चांगला होता, मन उतावळे. एके दिवशी सकाळी शेलारवाडीचा आनंदा आपली गाडी घेऊन त्याच्याकडे आला. मागचे चाक गुरगुरत होते, धरून हलवले की डुगडुगत होते.

“बेरिंगं गेलीत,” जयवंत म्हणाला.

“गेलीत तर नवी घाल. पण रात्रीपर्यंत गाडी घरी पोचव, मिस्त्री. उद्या पहाटे आईला घाटाखाली न्यायचीय. डोळ्याचं ऑपरेशन आहे.”

“सोनाक्का बसेल का गाडीवर?”

“बसेल म्हणजे? माझ्यापेक्षा घट्ट बसते! वर मलाच दटावते, सावकाश चालव रे, मला दिसत नाही.”

दोघे हसले. आनंदा पायी परत गेला.

बेरिंगे तालुक्याहून एस.टी.ने यायची होती. ती आली तेव्हा दिवेलागण झाली होती. जयवंताने चाक काढले. जुनी बेरिंगे ठोकून बाहेर काढली. चाकाचा मधला पोकळ भाग, हब, पुसला, ग्रीस भरले, एका बाजूने एक नवे बेरिंग बसवले, दुसऱ्या बाजूने दुसरे. हातोडी खाली ठेवली. सुटे भाग ठेवलेल्या गोणपाटाकडे पाहतो तर काय! मधली नळी तिथेच पडलेली!

ही नळी म्हणजे काय, ते समजून घ्या. हबच्या पोटात, दोन बेरिंगांच्या मध्ये, बोटभर लांबीची लोखंडी नळी असते. एक्सलचा नट आवळला की त्याचा दाब ती नळी सोसते. ती नसेल तर बेरिंगे आतल्या आत चेपतात, तापतात, आणि चालत्या गाडीखाली फुटतात. बाहेरून काहीही दिसत नाही.

नळी घालायची तर एक बेरिंग पुन्हा ठोकून काढावे लागणार. ठोकलेले नवे बेरिंग खराब होणार. दुसरे जवळ नव्हते. ‘आनंदाला निरोप धाडावा, गाडी उद्या मिळणार नाही,’ एवढेच करायचे होते. त्याने केले नाही. चाक बसवले, नट आवळला. चाक जड फिरले. त्याने नट किंचित सैल केला. चाक भरभर फिरू लागले.

“फिरतंय की!” तो स्वतःशीच म्हणाला. आणि नळी कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्याने ती खिशात घातली.

काळोख पडला होता. जयवंत गाडीवर बसला आणि खिंडीच्या वाटेला लागला.

पालदेवापाशी तो थांबला. डहाळी तोडली, वाहिली. जिभेला सवय होती; जीभ बोलून गेली. “काम पुरे केले आहे, वाट दे.” खिशातली नळी मांडीला टोचत होती. तरीही बोलला!

आता ऐका. नीट ऐका.

थोडे अंतर गेल्यावर मागून आवाज येऊ लागला. कोणी ओठ मिटून गुणगुणावे तसा. तो थांबला. गाडी स्टँडवर घेतली, चाक फिरवले. चाक गप्प. पुन्हा निघाला. पुन्हा गुणगुण. आता अधिक जवळून.

समोर दिव्याच्या उजेडात ऐन दिसला. ऐनाखाली पालदेव. त्यावर त्याचीच डहाळी! वाट सरळ पुढे गेलेली, वळण कुठेही घेतलेले नाही. जयवंताने वेग वाढवला. पुन्हा ऐन. पुन्हा पालदेव. डहाळी या वेळी कोमेजलेली. घामाने हात निसटू लागले. तो आणखी वेगाने निघाला. पुन्हा पालदेव! डहाळी सुकून करकरीत झालेली, जणू कित्येक उन्हाळे तिथेच पडून आहे.

आपण चकव्यात सापडलो, हे त्याला कळले. रामनाम घेऊ लागला. घेता घेता गाडी मागून दबली. मागच्या सीटवर कोणीतरी बसले होते.

दोन सुरकुतलेले हात कमरेभोवती आले. थंड! विहिरीच्या तळाच्या दगडासारखे थंड.

“सावकाश चालव रे. मला दिसत नाही.”

आवाज सोनाक्काचा. सोनाक्का तर डोंगरापलीकडे आपल्या घरी! जयवंताने मान वळवली नाही. हिंमतच झाली नाही.

“चाक बघितलंस ना, बाळा?”

“ब... बघितलं.”

गाडी आणखी दबली. कमरेची मिठी आवळली.

“आत सगळं घातलंस ना?”

“घातलं, सोनाक्का. सगळं घातलं.”

मिठी इतकी आवळली की श्वास कोंडला. वाट उतरू लागली. खिंडीला उतार नाही, हे तुम्ही जाणता. तरी वाट उतरत होती! त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबेना. मागचे चाक डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागले. पुढे उजेड पडायला जमीनच उरली नव्हती. नुसता काळोख.

मागून कानाशी शांत आवाज आला, “मग भितोस कशाला? काम पुरं आहे ना? ब्रेक सोड.”

तेव्हा जयवंत ओरडला. “नाही! काम अपुरं आहे! नळी माझ्या खिशात आहे! मी खोटं बोललो, देवा!”

मिठी सुटली. त्याच क्षणी मागे काहीतरी कडाडून फुटले, चाक तिरके झाले, चेन उतरली, चाक जागच्या जागी अडकले. गाडी आडवी पडून घसरत गेली. त्याच्या हाती एका झाडाचे मूळ लागले. ते त्याने धरले, आणि उजाडेपर्यंत सोडले नाही.

उजाडल्यावर त्याने पाहिले. गाडीचे पुढचे चाक वाटेकडेच्या कड्याबाहेर लोंबत होते. आणि हाकेच्या अंतरावर पालदेव. रात्रभर तो तेथून पुढे गेलाच नव्हता. दगडावरची डहाळी हिरवीगार होती. पानेसुद्धा मिटली नव्हती.

गाडी तशीच टाकून तो शेलारवाडीला धावत सुटला. सोनाक्का शाल पांघरून, पिशवी मांडीवर घेऊन, दारात तयार बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिने तोंड वर केले.

“कोण, मिस्त्री? गाडी आणलीस? चाक बघितलंस ना, बाळा?”

तोच आवाज. तेच शब्द.

जयवंताने नळी तिच्या तळहातावर ठेवली. “हे आत घालायचं राहिलं, सोनाक्का.” मग थांबला, आणि म्हणाला, “राहिलं नाही. मी घातलं नाही.”

आनंदाने सगळे ऐकले आणि हात उगारला. म्हातारी म्हणाली, “मारायचं ते नंतर मार. आधी दूधवाल्याची गाडी थांबव.”

ती दुधाच्या गाडीतून घाटाखाली गेली. डोळा बरा झाला. जयवंताने नवी बेरिंगे आणली, खिंडीतच, पालदेवासमोर बसून चाक उघडले, नळी जागेवर घातली, नट आवळला. काम पुरे झाले. तरी त्याने ते वाक्य उच्चारले नाही. त्यानंतर कधीच उच्चारले नाही. तो डहाळी वाही, हात जोडी, आणि मान खाली घालून निघून जाई.

गाडीवर बसले होते ते काय, असे मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही ते सांगणे मी पाप मानतो. त्या वाटेने रात्री जाऊ नका, एवढे सांगतो. धरणावरचा रस्ता लांबचा आहे, त्याने जा. आणि ज्याने आपल्या कामातली उणीव झाकून ठेवली आहे, त्याने खिंडीची वाट भर दुपारीही धरू नये.

खंडू, तुझ्या गाडीचे मागचे चाक परवा तूच बसवलेस ना? सगळे घातलेस?

बोलत का नाहीस?

चावी इकडे दे. आज इथेच निजायचे.