अडलेलं अक्षर

ताई : चहा गार होतोय, आधी घे. आणि हळू बोल, मधलं दार नीट लागत नाही.

धाकटा : हळूच बोलतोय. तुझं नेमकं म्हणणं काय आहे ते एकदा सरळ सांग. जळितांच्या वॉर्डातल्या ड्यूटीवरून तसाच आलोय, अंगाला अजून मलमाचा वास आहे.

ताई : पाच वाजता चर्चचे पाळक येतायत, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन. मागे दोनदा आले, दोन्ही वेळा आईनं भिंतीकडं तोंड केलं. एक रविवार न चुकवलेली बाई. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटा : तिची इच्छा नसेल.

ताई : इच्छा नसेल कशी? मी विचारलं तिला, आई, असं का करतेस. तर म्हणते, तुझे बाबा जिथं नाहीत तिथं मी जाऊन काय करू. हे तिच्या डोक्यात तूच भरवलंस.

धाकटा : मी? या घरात मी तोंड तरी उघडतो का? तुम्ही जेवणाआधी प्रार्थना म्हणता तेव्हा मुकाट मान खाली घालून बसतो. ताई, ते तिला तुमच्याच लोकांनी शिकवलंय. विश्वास ठेवला तो आत, नाही ठेवला तो बाहेर. बाबांनी नाही ठेवला. मग पुढचं तिला कळायला मी कशाला हवा?

ताई : डॉक्टर म्हणाले आठवडा, फार तर दहा दिवस. अशी रुसून गेली तर तिचं काय होईल, याचा विचार केलास? बाबा ऑपरेशनमध्ये गेले, त्याआधी त्यांच्याजवळ तू एकटाच होतास. तू तिला सांग, की शेवटी त्यांनी प्रभूचं नाव घेतलं होतं.

धाकटा : बाबांनी? पाळकांना जन्मभर झगेवाले म्हणणाऱ्या माणसानं?

ताई : झगेवाले म्हणायचे ते जीभ ‘प’ला अडायची म्हणून. त्यात देवाचा राग नव्हता.

धाकटा : राग होता. तू तेव्हा वसतिगृहात होतीस, मी घरात होतो. बाबा कामाला होते त्या लॉन्ड्रीतला बॉयलर फुटला तेव्हा बाबांना त्यांच्या जोडीदारानं ओढून बाहेर ढकललं आणि तो आत राहिला. तो आपल्या चर्चचा नव्हता, कुठल्याच देवाचा नव्हता. बाबा हाताला पट्ट्या बांधूनच तेव्हाच्या पाळकांकडं गेले आणि विचारलं, तो आता कुठं असेल. पाळक भला माणूस होता, रडत होता म्हणे, पण बोलला तेच, की विश्वासाशिवाय तारण नाही.

ताई : त्यांना दुसरं काय बोलता येणार होतं?

धाकटा : बाबा म्हणाले, “तो माझ्यासाठी एकदा जळला. तुमचा देव त्याला आणखी जाळत ठेवणार असेल, तर मला त्याच्याच शेजारी उभं करा.” त्या दिवसापासून चर्चची पायरी चढले नाहीत. आणि आता मी त्यांना शेवटच्या श्वासाला शरण आणू? माणूस मेला म्हणून त्याच्या तोंडात काहीही घालायचं?

ताई : पण नरकच नाही म्हटलं, तर तुझ्या वॉर्डात तो आहे ना, ज्यानं बायकोच्या अंगावर रॉकेल ओतलं? ती गेली आणि हा भाजलेल्या हातांनिशी वाचला. तोही सुटला म्हणायचा?

धाकटा : त्याची पट्टी आज मीच बदलली. चाळीस मिनिटं लागतात. वाळलेली पट्टी भिजवून सोडवायची, तरी कातडं सोबत येतं. पहिल्या दहा मिनिटांत तो मला शिव्या घालतो, मग आईला हाका मारतो, आणि शेवटी शेवटी नुसता आवाज निघतो, त्याला माणसाचा म्हणवत नाही. मला तो डोळ्यांसमोर नको वाटतो ताई, खरं सांगतो. त्याला शिक्षा व्हावी, वीस वर्षं, जन्मभर तुरुंगात सडू दे. पण चाळीस मिनिटं झाली की मीच म्हणतो, पुरे आता. माझ्यासारख्या कोपिष्ट माणसाला जे कळतं, ते तुमच्या स्वर्गातल्या दयाळू बापाला कधीच कळणार नाही? कायमचं, म्हणजे किती, याचा हिशेब तुमच्यापैकी कुणी मांडलाय का?

ताई : मला वाद नको. वाद मला येत नाही.

धाकटा : बरं, नको. रडू नकोस.

ताई : रविवारच्या शाळेत माझ्याकडं चित्रांचं पुस्तक आहे. त्यात आगीचं एक पान आहे. बाबा गेल्यापासून मी ते पान उघडतच नाही, दोन पानं एकदम उलटते. पोरं म्हणतात, बाई, एक राहिलं. मी म्हणते, चिकटलंय. आता कळलं? मला तिच्या एकटीसाठी नकोय रे ते. मलाही कुणीतरी सांगायला हवंय.

धाकटा : आण इकडं तो चहा.

ताई : सांगशील?

धाकटा : काय सांगू, ते तूच सांग. मला या भाषेची सवय नाही.

ताई : “प्रभू, मला पदरात घे.” एवढंच. उगाच तिखटमीठ लावू नकोस, तिला लगेच कळतं.

(आतल्या खोलीत. आई उशांना टेकून बसली आहे, ताई पायाशी, धाकटा खाटेच्या कडेवर.)

आई : दोघं एकदम आलात म्हणजे काहीतरी शिजलंय. आणि आधीच सांगते, ते भाकर-प्याला माझ्यासमोर आणू नका.

ताई : आई, तू नुसतं ऐकून तरी घे.

आई : तू माझं ऐक. तिथं म्हणे कुणी रडत नाही. डोळे पुसून टाकतात. मी इथं पडल्या पडल्या विचार केला, तुझे बाबा तिथं नाहीत हे मला आठवलं तर मी रडणार. मग रडू नये म्हणून ते मला विसरायलाच लावणार. इतकी वर्षं ज्या माणसाचे डबे भरले त्याची आठवण पुसलेली बाई तिथं बसून गाणी म्हणणार, ती कोण? मी तर नाही. मग मला कशाला नेताय, तिलाच न्या.

धाकटा : आई, बाबांनी शेवटी प्रभूचं नाव घेतलं होतं.

आई : कधी?

धाकटा : ऑपरेशनला न्यायच्या थोडं आधी. मी जवळ होतो. म्हणाले, “प्रभू, मला पदरात घे.”

आई : असं म्हणाले?

धाकटा : हो.

आई : अडखळले?

धाकटा : नाही. एका दमात म्हणाले.

आई : दोन ‘प’, आणि एका दमात.

ताई : आई, शेवटच्या वेळी प्रभू जीभ मोकळी करतो.

आई : तू गप्प बस, हे वाक्य तुझंच आहे. आणि तू रे, लहानपणी दुधाची साय खाऊन मांजराचं नाव सांगायचास तेव्हाही असाच कान लाल व्हायचा. खरं काय झालं ते सांग. मला आता सांभाळून घ्यायचे दिवस राहिले नाहीत.

धाकटा : खरं म्हणजे फार काही नाही.

आई : जे आहे ते सांग.

धाकटा : त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “तुझ्या आईला...” आणि मग नुसतं, प... प... प. खूप वेळ. मी थांबलो. पुढचं आलंच नाही.

ताई : प्रभू. अरे, प्रभूच म्हणत होते, आणि तू इतके दिवस बोलला नाहीस?

धाकटा : तू हेच म्हणशील म्हणून बोललो नाही. आणि प्रभू नव्हतं ते, ताई. पाणी होतं. ओठ कोरडे पडले होते त्यांचे. ऑपरेशनआधी तोंडाला काही लावायचं नाही असा नियम, मी रोज लोकांना सांगतो तोच. मी नळापासून दोन हातांवर उभा होतो आणि त्यांना म्हटलं, नंतर देतो. नुसता कापूस ओला करून ओठांवर फिरवला असता तरी चाललं असतं. ते काम मी दिवसातून दहा जणांसाठी करतो. माझ्या बापासाठी मला सुचलं नाही.

आई : इतके दिवस हे घेऊन फिरतोयस?

धाकटा : तुम्ही नरक नरक म्हणता ना, मला तो दुसरीकडं शोधावा लागत नाही.

आई : इकडं ये. आणखी जवळ. पाणी नव्हतं ते, वेड्या. पाण्याला हे आयुष्यभर “घोटभर दे” म्हणायचे. पावसाला सर म्हणायचे, पोळीला चपाती म्हणायचे. ‘प’ला वळसा घालून सगळं आयुष्य काढलं त्या माणसानं, आपणहून कधी त्याच्या वाटेला गेले नाहीत.

ताई : मग शेवटी का गेले?

आई : माझं खरं नाव कुठल्या अक्षरावरून आहे?

ताई : आई...

आई : लग्नात शपथ घेताना घ्यावं लागलं त्यांना. प... प... प. अख्खं चर्च थांबलं होतं, मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, करवलीनं मला चिमटा काढला. घामानं कॉलर भिजली त्यांची, पण पुरं केलं. त्यानंतर मला मैना म्हणायला लागले ते लागलेच. ते नाव त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही.

धाकटा : आई, खात्री कशी देणार? प्रभूही असेल.

आई : तुझ्या ताईला प्रभू ऐकू येऊ दे, तिला त्याची गरज आहे. तुला पाणी ऐकू आलं, ते मात्र आता सोड. मला काय ऐकू आलं ते मी सांगितलं.

ताई : फाटक वाजलं. पाळक आले वाटतं. आई, त्यांना काय सांगू?

आई : येऊ दे. आज घेते मी. पण त्यांना म्हणावं, वर कळवून ठेवा, मी दारात जरा थांबणार आहे, मला कुणी आत ओढायचं नाही. ह्यांना माझं नाव पुरं करायला वेळ लागतो.