दुसऱ्या पाळीचा दिवा

…आणि तो दुकानदार मला तोंड वर करून म्हणतो, "काका, दिवा आता येतच नाही!" येत नाही म्हणजे? दिवा काय पाहुणा आहे, यायला आणि न यायला? मी म्हटलं, अरे बाबा, फोन नवा दिलास, काच तळहातापेक्षा मोठी दिलीस, पाठीमागं कॅमेऱ्यांचे विंचवासारखे डोळे बसवलेस, आणि टाचणीच्या डोक्याएवढा एक दिवा बसवायला तेवढी जागा उरली नाही? तर हसला. हे लोक हसतात. काउंटरवर कोपर टेकून म्हणतो, "दिव्याचं काय एवढं घेऊन बसलात, काका?"

काय घेऊन बसलो! तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस. घरात विचारा हवं तर. पण दिव्याचं मला कुणी शिकवू नये. उभा जन्म बॉयलरवर गेला माझा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं दिव्यांनी शिकवलं. समोर लोखंडी पाटी, पाटीवर दिव्यांची रांग. हिरवा म्हणजे चालू दे. पिवळा म्हणजे पाणी बघ. लाल म्हणजे हातातला चहा टाक आणि पळ. पिऊन पळ असं नाही… टाक आणि पळ! दिवा लागलाय म्हणजे आत काहीतरी झालंय. ते शोधायचं, दुरुस्त करायचं, मग दिवा आपला आपण विझतो. विझला की खुशाल बसा. एवढा एकच कायदा. दिवा लागला की माणसानं उठायचं.

आता हा कायदा जरा आमच्या घरात चालवून दाखवा!

आधीचा फोन पोराचा जुना. त्यानं टाकला, मी घेतला. त्याला वरच्या कोपऱ्यात दिवा होता. मी म्हटलं चला, यंत्र अडाणी नाही, बोलून दाखवतं. पहिल्याच दिवशी लागला. हिरवा. लुकलुक, लुकलुक. मी उठलो. पोरगा टीव्हीसमोर, सूनबाई ओट्याशी, आमची ही खुर्चीत, आणि एकही माणूस उठला नाही! मी ओरडलो, "दिवा लागलाय!" सूनबाई म्हणते, "काही नाही हो बाबा, ग्रुपवर कुणीतरी फूल पाठवलंय." फूल! फुलासाठी दिवा? आमच्या बॉयलरनं असा फुलाला दिवा लावला असता, तर अख्खा कारखाना मैदानात पळाला असता. बसलो. पुन्हा लुकलुक. उठलो. चष्मा शोधला, उघडून बघितलं, तर दुसऱ्या कुणीतरी पहिल्या फुलाला हात जोडलेत. बसलो. पुन्हा लागला. उठलो. गुडघेदुखीवर तेल. मला गुडघेदुखी नव्हती हो… उठून उठून झाली!

आणि रंग तरी किती? हिरवा, लाल, जांभळा, आणि एक पांढरा. पांढरा म्हणजे काय ते पोराला विचारलं, पोरगा म्हणाला दुकानात विचारा. दुकानात गेलो. हाच दुकानदार, हेच कोपर. "पांढरा कशाचा?" तो म्हणतो, "पांढरा ना… तो तसाच असतो, काका." तसाच असतो! तुम्हाला सांगतो, पाटीवर दिवा लागलाय, मोठे साहेब समोर उभे आहेत, "काय मिस्त्री, हा कशाचा दिवा?" आणि मी म्हणतोय, "तो तसाच असतो, साहेब." त्याच दिवशी डबा उचलून घरी आलो असतो मी.

ही तर वैतागली. "अहो, मी इथून घसा फोडतेय, तर तुमचं लक्ष नाही. तो एवढासा ठिपका लुकलुकला की ताड्कन उठता. माझ्या कपाळावर एक बसवून आणा." पोरगा म्हणाला, "बाबा, सेटिंगमध्ये जाऊन दिवा बंद करून टाकू का? कायमचाच?"

मी म्हटलं, खबरदार.

कारण निळा.

निळा म्हणजे दुसरी पाळी. दुसरी पाळी हा माणूस आहे. नाव आहे त्याला चांगलं, पण कारखान्यात ते कुणी घेतलं नाही. मी पहिली पाळी, तो दुसरी पाळी. मी सुटायचो तेव्हा तो लागायचा. इतकी वर्षं एकाच बॉयलरवर काढली, आणि एकत्र उभे राहिलो ते फक्त पाळी बदलताना, दारात. त्यात बॉयलरचा आवाज असा की शेजारी वीज पडली तरी विचारावं लागेल, पडली का? म्हणून पाटीवर एक निळा दिवा होता. जाणाऱ्यानं बटण दाबून तो लावायचा. म्हणजे, मी सांभाळलं, आता तू घे. येणाऱ्यानं तो विझवायचा. म्हणजे, घेतलं. आणि समोरच्यानं घेतल्याशिवाय जाणाऱ्यानं दार सोडायचं नाही. मग बाहेर पाऊस असो नाहीतर घरी लग्न असो. आमचं दोघांचं सगळं बोलणं हे एवढंच. भांडणसुद्धा झालं नाही कधी, ऐकूच येत नव्हतं तर भांडणार कसं?

त्या बॉयलरनं घर चालवलं आणि कान खाल्ले. माझा एक पुरता गेला, एक कामापुरता राहिला. त्याचे दोन्ही गेले. आता तो मुलीकडे राहतो, दुसऱ्या गावात. फोनवर काय बोलणार? मी म्हणतो "कसा आहेस," तो म्हणतो "कोण?" आणि ते बोटांनी टकटक करून लिहिणं मला जमत नाही, त्याला जमलं तरी तो करायचा नाही, ताठ आहे. मग सूनबाईनं एक चांगलं काम केलं. देव तिचं भलं करो, एकच केलं पण चांगलं केलं. त्याच्या नंबराला निळा रंग लावून दिला. तिकडे त्याच्या मुलीनं माझ्या नंबराला निळा लावला. सकाळचा चहा झाला की मी मिस कॉल देणार. पहिली पाळी माझी ना! त्याच्याकडे निळा लागणार. मग त्याचा मिस कॉल, माझ्याकडे निळा. घेतलं. म्हणजे आहे. म्हणजे दोघंही आहोत. मग मी चपला घालणार. त्याआधी मी दार सोडत नाही. ही म्हणते, "भाजी आणायची खोळंबलीय." खोळंबू दे. बॉयलर असा उघडा टाकून जाता येतं का?

तर एके दिवशी लाल लागला. लुकलुक नाही, ठाम लाल. मी उठलो. दिवा लागला की माणसानं उठायचं. हात लावून बघितला, तर फोन तापलेला! आता लाल आणि ताप म्हटल्यावर बॉयलरवरचं शेंबडं पोरही सांगेल काय करायचं ते. थंड करायचं. मी स्वच्छ फडकं ओलं केलं, फोनला गुंडाळलं, आणि पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला. नियमाप्रमाणे. थोड्या वेळानं बघतो तर लाल विझलेला. म्हटलं झालं काम. बसलो खुशाल.

पोरगा आला, फडकं सोडलं, आणि डोक्याला हात लावला. "बाबा! लाल म्हणजे चार्जिंग संपलं होतं!"

"लाल म्हणजे लाल."

"अहो, पाणी गेलंय आत!"

"मग दिवा विझला कसा?"

"सगळाच विझला, बाबा!"

हरला, म्हणून आवाज चढवला. मी सोडून दिलं.

मग हा नवा फोन. बिनदिव्याचा. हा आंधळाच जन्मला म्हणा. पण आंधळा असला तरी मिस कॉल देतो ना? दिला मी. चहा झाल्यावर, रोजच्यासारखा. आणि बसलो. सूनबाई काच पुसून बघून म्हणाली, "कुणाचाच मिस कॉल नाही, बाबा." म्हटलं, अंघोळीला गेला असेल. दुपार झाली. इतकी कसली अंघोळ? दुसऱ्या दिवशी दिला. काही नाही. त्याच्या पुढच्या दिवशी दिला, काही नाही. मी खुर्चीतच. चपला दाराशी. भाजी ही आणायला लागली.

सूनबाई हळूच म्हणते, "बाबा, त्यांच्या मुलीला फोन करून विचारू का?"

म्हटलं, नको.

"अहो, पण विचारायला काय—"

नको म्हणजे नको! विचारलं की उत्तर येतं. तोवर निदान… तोवर दिवा नाही, एवढंच. कुठं काही झालंय असं कुणी म्हटलंय?

शेवटी हीच म्हणाली, "तुम्ही जाऊन या. इथं बसून काय होणार? फार तर काय…" आणि जीभ चावली. पिशवीत पाण्याची बाटली घातली, आणि टॉर्च. "त्यांच्या जिन्यात अंधार आहे, मागं पडला होतात." मी म्हटलं, घेतलं नाही अजून त्यानं. दार कसं सोडू? ती म्हणाली, "मी बसते दारात. जा."

तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा पाळी न देता दार सोडलं मी.

बसमध्ये बसलो ड्रायव्हरच्या मागं. समोर बघतो, तर त्याच्या पाटीवर लाल दिवा! मी उठलो. "ड्रायव्हर, लाल लागलाय!" तो मागं न बघता म्हणतो, "बसा आजोबा, तो तसाच असतो." सगळीकडे तसाच असतो! अख्खं जग लाल दिवा लावून पळतंय आणि हे म्हणतात बसा! माझा तो सगळा प्रवास उभ्यानं झाला.

जिना चढलो. खरंच अंधार. टॉर्च लावली. बेल वाजवली. मुलीनं दार उघडलं, मला बघितलं, आणि तिचा चेहरा असा पांढरा पडला… म्हटलं, झालं. संपलं.

ती म्हणते, "काका… तुम्ही आहात?"

मी म्हटलं, "मी आहे. तो?"

तिनं नुसतं आत बोट दाखवलं.

खिडकीशी स्टुलावर बसलेला. माझ्याकडे पाठ. दाढी वाढलेली, पाठ वाकलेली. समोर फोन, नवा कोरा. आणि त्या फोनच्या वरच्या कोपऱ्याकडे असा बघत बसलाय, जिथं दिवा असतो… जिथं दिवा नाही! मुलगी म्हणाली, "आमच्या यांनी नवीन आणून दिला हो प्रेमानं. तेव्हापासून बाबा जिना उतरलेले नाहीत, फोनला कुणाला हातही लावू देत नाहीत. म्हणतात, तिकडून दिवाच आला नाही, पहिली पाळी गेली. आता पाळी कुणाकडून घेऊ?"

मी हाक मारली. त्याला कसली ऐकू येते. जाऊन खांद्यावर हात ठेवावा, तर या वयात दचकून खरंच जायचा. म्हणून टॉर्च उचलली आणि त्याच्या समोरच्या भिंतीवर मारली. लावली, विझवली. लावली.

आणि तो उठला! गुडघे धरून, कण्हत, पण उठला. दिवा लागला की माणसानं उठायचं. त्या अख्ख्या घरात, अख्ख्या गावात, हा एकच माणूस उठला.

वळला. बघितलं. आणि पहिलं वाक्य काय असेल? "मेला होतास ना तू?"

"मी कशाला मरतोय? तूच घेतलं नाहीस!"

"काय?"

"घेतलं नाहीस!"

"दिवा लावलाच नाहीस तू, घेऊ काय, कपाळ?"

"लावला! रोज लावला!"

"काय?"

"रोज!"

"कोण रोज?"

इतक्या वर्षांत पहिलं भांडण. खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. त्याचे डोळे भरले होते. माझे नाही… जिना चढून दम लागला होता मला.

मग मुलीनं तोडगा काढला. व्हिडिओ कॉल. "एकमेकांचे चेहरे दिसतील, काका, दिव्याची गरजच काय?" आता रोज सकाळी सूनबाई फोन भांड्याला टेकवून देते. तो तिकडे, मी इकडे. चेहरा दिसतो, पण चेहऱ्यावरून काय कळणार? तो पहिल्यापासून तसाच दिसतो. म्हणून मी टॉर्च घेतो आणि सरळ फोनच्या तोंडावर मारतो. मग तो तिकडून मारतो. काच पांढरी फक्क. काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. घेतलं! चपला घालायच्या.

ही म्हणते, "चेहरा बघायला म्हणून लावलं, आणि तोही घालवलात."

आता एक दिवस असा येणारच, की मी टॉर्च मारीन आणि काच पांढरी होणार नाही. सूनबाई म्हणेल नेटवर्क गेलं असेल. पोरगा म्हणेल अपडेट मागत असेल. आणि तो दुकानदार कोपर टेकून म्हणेल, तसंच असतं, काका. त्या दिवशी तरी तो खरं बोलत असेल. मी आपला दारात बसेन. दुसरं करणार काय?

तोवर टॉर्चचे सेल आणून ठेवलेत. परत गेलो होतो तेव्हा डबाभर त्यालाही दिले. हातात ठेवले आणि कानाशी जाऊन, होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो, "तुझे माझ्याआधी संपवायचे नाहीत!"

तो म्हणाला, "काय?"