भिंतीकडची पाती

नाही नाही, डेनिस, ते गवत कापायचं मशीन फाटकापाशीच राहू द्या — आधी चहा घ्या. शेजारधर्म म्हणून आलात, कळतंय मला. वर्ष झालं, विल्फ गेल्यापासून या गवताला कोणी हात लावलेला नाही. कापा की. फक्त भिंतीकडचं सोडून — तिथं डॅफोडिलची पाती आहेत. फुलं गेली, मग पाती कशाला ठेवायची, म्हणताय? माझा नवरा, विल्फही हेच विचारायचा. अहो, पाती आपणहून पिवळी पडेपर्यंत उभी राहिली तरच खाली मातीतल्या कांद्यात, म्हणजे कंदात, पुढच्या वर्षीचं फूल भरतं. पण ईस्टर झाला की विल्फ मशीन काढणारच — "एडिथ, घरापुढं रान माजवायचंय का?" मी दारातून ओरडायची, तो ऐकू येत नाही असं दाखवायचा — कान चांगले तिखट होते त्याचे. मग पुढच्या मार्चला स्नोड्रॉपची फुलं यायची, क्रोकसची यायची, चिमण्यांनी टोचलेली का होईना — आणि डॅफोडिलची नुसती पाती. "तुझे कांदेच वांझ," म्हणायचा. सगळा संसार या एका भांडणावर झाला म्हणा ना. हसताय? हसा.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच तो गेला. मशीन शेडमध्येच राहिलं. पाती उभी राहिली, पिवळी पडली, आडवी झाली — मी खिडकीतून बघत होते, म्हणजे बघतही नव्हते. आणि या मार्चला, तुम्ही पाहिलंतच, भिंतभर पिवळं. पोस्टमन थांबून म्हणाला, मिसेस हॉब्स, काय बाग फुललीय. मी म्हटलं, हो. काय वाटलं? काहीच नाही. रडू यायला हवं होतं बहुतेक. जिंकले होते ना मी — पण आत जाऊन सांगणार कोणाला? पडदा ओढून घेतला, फुलं सुकेपर्यंत उघडला नाही.

बिस्किट घ्या, चहा गार होतोय. ईस्टर गेल्या रविवारीच झाला, नाही का? म्हणजे आज त्यानं मशीन काढलंच असतं.

डेनिस, भिंतीकडचंही कापा. हो, पाती पण — अगदी मातीलगत, तो तसंच कापायचा. नकोत मला ती फुलं. ठेवा तो कप, जा, सुरू करा. मी इथं दारात उभी राहते. ओरडले तर थांबू नका. ऐकू येत नाही असं दाखवा.